आवडती रंगीत पेन्सिल बंद झाली? तिच्या जागी दुसरी कशी शोधायची

रंगीत पेन्सिलीनं काम करणाऱ्याचा हात एका ठरावीक पेन्सिलीला सरावलेला असतो. किती दाब दिला की कागदाची खरखर झाकली जाते, कितव्या थरानंतर रंग बसेनासा होतो, टोक किती रेघांनी बोथट होतं, हे डोक्यापेक्षा बोटांना जास्त ठाऊक असतं. दुकानदार एक दिवस म्हणतो, ‘ती आता येत नाही.’ मग हा सगळा अंदाज नव्यानं बसवावा लागतो. मी प्रामुख्यानं पानाफुलांची चित्रं करते. त्या कामात एखादा मळकट हिरवा किंवा वाळक्या देठाचा तपकिरी हातातून गेला तर किती अडतं, हे मला चांगलं माहीत आहे.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. डब्याला डबा शोधू नका. बंद झालेल्या पेन्सिलीत चार-पाच वेगवेगळे गुण एकत्र आलेले असतात, आणि ते सगळे तसेच्या तसे दुसऱ्या एखाद्या पेन्सिलीत मिळणं फार दुर्मीळ. त्यातले कोणते गुण तुमच्या कामाला खरोखर लागतात ते ठरवा आणि तेवढ्यांचाच शोध घ्या. अशा शोधात बहुतेकदा दोन-तीन कंपन्यांच्या सुट्या पेन्सिली हाती येतात आणि काम छान भागतं.

आधी खात्री करा

‘बंद झाली’ या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पूर्ण मालिका थांबलेली असते, किंवा मालिकेतल्या थोड्याच छटा गेलेल्या असतात. कधी सुटी विक्री थांबते आणि तोच रंग फक्त मोठ्या डब्यात येत राहतो. कधी पेन्सिल तीच असते, पण वेष्टन, नाव किंवा क्रमांक बदलतो. आपल्याकडे पाचवी शक्यताही आहे: कंपनी पेन्सिल बनवत असते, पण आयात करणाऱ्यानं ती मागवणं सोडलेलं असतं. अप्पा बळवंत चौकातल्या किंवा मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या दुकानदाराला या सगळ्यातला फरक माहीत असेलच असं नाही. त्याच्याकडे माल येत नाही, एवढंच तो सांगू शकतो.

म्हणून पेन्सिलीच्या अंगावर छापलेलं सगळं उतरवून घ्या: कंपनी, मालिका, रंगाचं नाव, क्रमांक, कुठं बनली ते. मग कंपनीच्या चालू रंगतक्त्यात तो क्रमांक शोधा. नावावर भरवसा ठेवू नका, क्रमांकावर ठेवा. क्रमांक सापडला नाही तर कंपनीला थेट लिहून विचारा की ही छटा बंद केली आहे का, आणि तिच्या जागी तुम्ही कोणती सुचवता. नेमका क्रमांक देऊन विचारलं की उत्तरही नेमकं मिळण्याची शक्यता वाढते.

इथं एक उपयोगाची माहिती. फाबर-कास्टेलच्या कलाकारांसाठीच्या मालिकांना एकच रंगक्रमांक पद्धत आहे. पॉलिक्रोमॉसमधला १२० म्हणजे अल्ट्रामरिन, आणि त्यांच्या पाण्यात विरघळणाऱ्या आल्ब्रेख्त ड्यूररमध्येही १२० अल्ट्रामरिनच. त्यामुळे एका मालिकेतली छटा मिळेनाशी झाली, तर तोच क्रमांक त्यांच्या दुसऱ्या मालिकेत आधी बघावा. पाणी न लावता वापरली तर ती पेन्सिल थोडी वेगळी लागते, पण रंगाच्या जवळ लवकर पोचता येतं.

उरलेला तुकडा जपा

शोध सुरू करायच्या आधी करायचं काम हे. जुन्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा जरी शिल्लक असला, तरी तो चित्रात संपवू नका. तुम्ही नेहमी वापरता त्याच कागदावर त्याची नीट नोंद करा. मी एक लांब पट्टी घेते आणि तिच्यावर डावीकडून उजवीकडे ओळीनं हे करते: अगदी हलक्या दाबाचा चौकोन, मध्यम दाबाचा, पूर्ण दाब देऊन कागद झाकलेला, मग गडदाकडून फिकटाकडे जाणारी छटा, आणि टोक करून घेतलेल्या बारीक रेघा. त्याखालच्या ओळीत तोच रंग पिवळ्यावर आणि निळ्यावर चढवलेला, वर पांढऱ्या पेन्सिलीनं घोटलेला, एकदा खोडरबर फिरवलेला. शेवटी काळ्या कागदाच्या कपट्यावर एक फटकारा, म्हणजे रंग किती झाकतो ते कळतं.

या पट्टीच्या दोन प्रती करा. एक कामाच्या टेबलापाशी, दुसरी पाकिटात घालून अंधारात. टेबलावरची प्रत उजेडानं आणि हाताळून बदलत जाईल. पुढं कधी वाद पडला तर अंधारातली प्रत खरी धरायची. पट्टीचा फोटो ही नोंद नव्हे. मोबाइल रंग स्वतःच्या मनानं दुरुस्त करतो आणि पडदा त्यात आणखी भर घालतो.

तुकडा फारच लहान झाला असेल तर पेन्सिल होल्डर वापरा. धातूची नळी आणि कडं असलेला हा होल्डर कलासाहित्याच्या दुकानात मिळतो आणि त्यात शेवटचा सेंटिमीटरसुद्धा हातात येतो. टोक ब्लेडनं करा, शार्पनर गाभा वाया घालवतो.

तुम्हाला तिच्यात नेमकं काय हवं होतं?

या प्रश्नाला पुरेसा वेळ द्या. ‘छान चालायची’ हे उत्तर दुकानात उपयोगाचं नाही.

जपानमधलं एक उदाहरण इथं फार बोलकं आहे. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीची ७७०० ही कडक गाभ्याची रंगीत पेन्सिल तिथल्या ॲनिमेशनमध्ये वर्षानुवर्षं वापरात होती. हातानं काढलेल्या चित्रात सावली कुठं सुरू होते, उजेडाची कड कुठं आहे, हे रंगीत रेघांनी दाखवायचं असतं. २०२१ मध्ये कंपनीनं या पेन्सिलीचे काही रंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. काम डिजिटल होत गेल्यानं मागणी घटली होती. आता या चित्रकारांनी पर्याय शोधायचा तर काय बघायचं? त्यांना बारीक टिकणारं टोक लागतं, रेघ पसरून चालत नाही, आणि स्कॅन केल्यावर ती काळ्या रेघेपासून वेगळी ओळखता यायला हवी. हुबेहूब तोच रंग असलेली, पण लोण्यासारखी मऊ पेन्सिल त्यांच्या काहीच कामाची नाही. रंग थोडा इकडेतिकडे झाला तर मात्र निभावतं.

ब्रिटनमधली बेरोल करिस्मा ही याच्या अगदी उलट गोष्ट. मऊ, मेणाळ, कागदावर दाट बसणारी ही पेन्सिल बंद झाली तेव्हा तिच्या चाहत्यांना हवा होता तो हाताला लागणारा मऊपणा. त्यांना सर्वांत जवळची ठरली प्रिझ्माकलर, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या ईगल पेन्सिल कंपनीनं १९३८ मध्ये प्रिझ्माकलर आणली, आणि हीच ईगल कंपनी पुढं बेरोल नावानं ओळखली जाऊ लागली. म्हणजे दोन्ही पेन्सिली एकाच घरातल्या. बंद झालेल्या पेन्सिलीचं कूळ शोधलं तर असा नातेवाईक कधीकधी सापडतो, म्हणून कंपनीचा इतिहास थोडा चाळावा. मात्र त्याच नावाची पेन्सिलसुद्धा दशकागणिक बदलते. प्रिझ्माकलर पूर्वी अमेरिकेत बनायची, आता मेक्सिकोत बनते, आणि दोन्ही काळ वापरलेल्या चित्रकारांना त्यातला फरक जाणवतो.

तर कागद घ्या आणि लिहा. तुम्ही थरावर थर चढवता की एकाच थरात दाबून रंगवता? बारीक केसाळ रेघा लागतात की सपाट रंग? रंग खोडावा लागतो का? टर्पेंटाइन किंवा दुसरं द्रावक लावून पसरवता का? चित्र विकायचं आहे, भिंतीवर लावायचं आहे, की स्कॅन करून छापायला द्यायचं आहे? छापायच्याच कामाला उजेडात टिकण्याची काळजी फारशी नसते. भिंतीवर लावायच्या चित्राला ती सगळ्यात आधी असते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीसाठी मुलाला पेन्सिली हव्या असतील तर या सगळ्या खटाटोपात पडू नका. गावातल्या दुकानात सुटी मिळेल ती चांगली पेन्सिल घ्या, म्हणजे एखादा रंग संपला तर सराव अडणार नाही.

गाभा समजून घ्या

रंगीत पेन्सिलीचा गाभा म्हणजे रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारं मेण किंवा तेल, चिकटवणारा डिंकासारखा पदार्थ, आणि माती किंवा टाल्कसारखी भर. साध्या काळ्या पेन्सिलीचं शिसं भट्टीत भाजतात, रंगीत गाभा भाजत नाहीत, कारण त्या उष्णतेत मेण आणि बरीचशी रंगद्रव्यं टिकणार नाहीत. म्हणून तो मूळचाच नाजूक असतो.

‘मेणाची’ आणि ‘तेलाची’ या दुकानातल्या पाट्या फार काटेकोर धरू नका. तेलाच्या म्हणवणाऱ्या पेन्सिलीतही मेण असतंच. कशाचं प्रमाण जास्त, एवढाच प्रश्न. तरी ढोबळ फरक हाताला कळतो. मेणाचं प्रमाण जास्त असलेली पेन्सिल मऊ लागते, लवकर झाकते, पण टोक लवकर जातं, आणि दाट थरावर काही दिवसांनी पांढुरका धुरकट पापुद्रा येतो. तो मऊ कापडानं पुसता येतो आणि वर फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा, मारलं की सहसा परत येत नाही. तेलाकडे झुकलेली पेन्सिल थोडी कडक असते, टोक धरून ठेवते, हा पापुद्रा येऊ देत नाही.

आता नावं. मऊ आणि दाट रंग हवा असेल तर प्रिझ्माकलर प्रीमियर (१५० रंग), होल्बाइन (१५० रंग) आणि कारान दाशची ल्युमिनन्स (१०० रंग) आधी बघा. तिन्हींत ल्युमिनन्स सर्वांत महाग, पण उजेडात टिकण्याचा विचार करूनच ती बनवलेली आहे. टोकदार आणि थरांचं काम असेल तर फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमॉस (१२० रंग) आणि कारान दाशची पाब्लो (१२० रंग). पॉलिक्रोमॉस १९०८ पासून बाजारात आहे, आणि उद्या पुन्हा हीच वेळ येऊ नये असं वाटणाऱ्यानं ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. डरवेंट लाइटफास्ट (१०० रंग) तेलाच्या गटातली असूनही बऱ्यापैकी मऊ आहे. प्राणी, माती, लाकूड, वाळकी पानं असे विषय असतील तर डरवेंट ड्रॉइंग ही जाड गाभ्याची, मातकट छटांची मालिका पाहावी. गडद रंगावर उठून दिसणारा पांढरा हवा असेल तर तिच्यातला चायनीज व्हाइट किंवा ल्युमिनन्सचा पांढरा घ्या. इतर बहुतेक पांढऱ्या पेन्सिली तिथं फिक्या पडतात.

भारतीय पेन्सिलींपैकी शालेय गटातल्या पेन्सिलींवर रंगद्रव्याची किंवा टिकाऊपणाची माहिती सहसा नसते. सरावाला, कच्च्या आराखड्याला त्या उत्तम. विकायच्या चित्रात वापरायच्या असतील तर खाली दिलेली उजेडाची चाचणी घेतल्याशिवाय वापरू नका.

रंग जुळवणं

इथं घाई केली की पैसे वाया जातात. एका नावाचे रंग दोन कंपन्यांत सारखे नसतात. ‘सेपिया’, ‘ऑलिव्ह’, ‘सॅप ग्रीन’ या नावांखाली तर वाटेल ते मिळतं. छापील किंवा पडद्यावरचा रंगतक्ता फक्त उमेदवार गोळा करण्यासाठी वापरा. निवड कागदावर रंग लावूनच करा.

उमेदवार गोळा करताना रंगद्रव्याचे क्रमांक मिळाले तर फार मदत होते. काही कंपन्या आपल्या वरच्या श्रेणीच्या पेन्सिलींसाठी ते देतात. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरिन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा. जुन्या पेन्सिलीत जे द्रव्य होतं तेच नव्या पेन्सिलीत असेल, तर दुसऱ्या रंगात मिसळल्यावरही ती जवळपास तशीच वागेल. वरवर सारखा दिसणारा पण दुसऱ्या द्रव्याचा निळा, पिवळ्यावर चढवला की भलताच हिरवा देतो. मिश्रणातच अडचण येते, म्हणून पट्टीवर पिवळा-निळा चढवलेले चौकोन करायला सांगितले.

मग सुट्या पेन्सिली आणून प्रत्येकीची तशीच पट्टी त्याच कागदावर करा आणि जुन्या पट्टीच्या अगदी कडेला कड लावून ठेवा. मधे पांढरी जागा राहिली तर डोळा फसतो. तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

पहिली, गडदपणा. दोन्ही पट्ट्यांचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंगाची भूल जाते आणि कोण गडद, कोण फिका ते लगेच दिसतं. चित्रात छाया-प्रकाश बिघडतो तो बहुधा गडदपणा चुकल्यानं. रंग किंचित वेगळा असला तर बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरी, हलक्या दाबाचा रंग. पूर्ण दाबल्यावर दोन तपकिरी सारखे दिसतील, पण हलका हात फिरवला की एक गुलाबीकडे जातो आणि दुसरा हिरवट पिवळ्याकडे. तुम्ही थरांचं काम करत असाल तर हलक्या दाबाचा चौकोन जुळणं अधिक महत्त्वाचं.

तिसरी, उजेड. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात बघा आणि रात्री घरातल्या एलईडीखाली पुन्हा बघा. दोन वेगळ्या द्रव्यांचे रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. करडे, जांभळे आणि मळकट हिरवे यात विशेष दगा देतात. चित्र जिथं लागणार तिथल्या उजेडाला जास्त मान द्यावा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या हवेत फार जाणवते. जुन्या-नव्याची तुलना एकाच दिवशी करा. विदर्भातल्या मे महिन्यात मेणाचा गाभा मऊ होऊन भरभर रंग सोडतो, कोकणातल्या जुलैमध्ये कागद ओल धरतो आणि पृष्ठभाग वेगळा लागतो. मे महिन्यातली जुनी पट्टी समोर ठेवून जुलैत नव्या पेन्सिलीला नापास केलं तर तो तिच्यावर अन्याय आहे. जुना तुकडा जपायचं हेही एक कारण.

एका पेन्सिलीत नसेल तर दोघींत बघा

हवी ती छटा कुठंच सापडली नाही, तर दोन पेन्सिलींच्या थरांनी ती बांधता येते, आणि मला वाटतं लोक हा मार्ग फार उशिरा पत्करतात. सर्वांत जवळची पेन्सिल आधार धरा. ती फार भडक असेल तर विरुद्ध रंगाचा अगदी हलका थर द्या: हिरव्याला लाल, निळ्याला नारिंगी, जांभळ्याला पिवळा. फार थंड वाटली तर गेरूसारखा उबदार थर खाली. गडद करायला काळा टाळा, काळ्यानं रंग मरतो. त्याऐवजी गडद निळा किंवा गडद तपकिरी वापरा. जमलेलं मिश्रण पट्टीवरच क्रमानं लिहून ठेवा: कोणता थर आधी, किती दाब, कोणता वर. क्रम उलटला की रंगही बदलतो.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेन्सिली एका चित्रात चालतात. फक्त कडक पेन्सिल आधी, मऊ नंतर. मेणाचा दाट थर एकदा बसला की कागदाचा खरखरीतपणा भरून जातो आणि वरून कडक पेन्सिल नुसती घसरते. द्रावक वापरत असाल तर प्रत्येक पेन्सिलीचा एक चौकोन त्यानं ओला करून बघा. काही रंग छान पसरतात, काही दाणेदार राहतात.

उजेडाची चाचणी

पेन्सिलींवरच्या खुणा आधी वाचा. फाबर-कास्टेल तारे देतं, तीन तारे म्हणजे सर्वाधिक टिकाऊ. डरवेंट ब्लू वूल मोजपट्टी वापरतं, तिच्यात ८ हा वरचा आकडा. ल्युमिनन्सवर एएसटीएम डी ६९०१ या रंगीत पेन्सिलींसाठीच्या मानकानुसार श्रेणी असते, तिथं मात्र १ सर्वांत चांगली. म्हणजे एकीकडे मोठा आकडा चांगला, दुसरीकडे लहान. एकमेकांशी तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

खूण नसेल तर स्वतः चाचणी घ्या. रंगाच्या पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदानं आणि वर ॲल्युमिनियम फॉइलनं झाका, आणि पट्टी दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत लावा. पट्टीवर लावल्याची तारीख लिहा. दिवाळीनंतर सुरू केलीत तर पावसाळ्यापर्यंत सलग ऊन मिळतं. दर महिन्याला उघडून दोन्ही भाग शेजारी बघा. कच्चे गुलाबी आणि जांभळे रंग पहिल्या काही आठवड्यांतच उडायला लागतात. मातीचे रंग, काळा, अल्ट्रामरिन बहुधा जागचे हलत नाहीत. तुमचा लाडका बंद झालेला गुलाबी याच चाचणीत टाकून बघा. अनेकदा असं दिसतं की जुनाच रंग टिकाऊ नव्हता, आणि मग त्याच्याहून थोडा वेगळा पण पक्का गुलाबी घ्यायला मन तयार होतं.

जुना साठा घ्यावा का?

एखाद-दुसऱ्या रंगासाठी, जरूर. लहान गावांतल्या जुन्या स्टेशनरी दुकानांत वरच्या फळीवर उघडलेले न-उघडलेले डबे निघतात, आणि नीट ठेवलेली कोरडी रंगीत पेन्सिल वर्षानुवर्षं चांगली राहते. घेताना टेबलावर गडगडवून बघा. वाकडी असेल तर डुलत जाते. मागच्या टोकाला गाभा लाकडाच्या मधोमध आहे का ते पाहा, बाजूला सरकलेला गाभा टोक करताना सारखा तुटतो. गाभा बोटानं हलत असेल तर लाकडापासून सुटलेला आहे, ती घेऊ नका. मेणाचा पांढुरका पापुद्रा दिसला तर घाबरू नका, तो पुसला जातो.

संग्राहकांच्या किमतीला पूर्ण डबा विकत घेण्याच्या मात्र मी विरोधात आहे. त्यातले तुमचे नेहमीचे चार रंग आधी संपणार, बाकीचे पडून राहणार, आणि शोध फक्त पुढं ढकलला जाणार. परदेशातून मागवत असाल तर किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा.

खरेदी

आधी तीन-चार सुट्या पेन्सिली. एक तुमचा सर्वाधिक वापरायचा रंग, एक गडद, एक फिका, आणि पांढरा. सुट्या मिळत नसतील तर लहानातला लहान डबा. त्यांच्यावर एक पूर्ण चित्र करा, चाचणीची पट्टी नव्हे, कारण तासभर हात चालल्यावरच पेन्सिल दमवते की साथ देते ते कळतं. शार्पनरही तपासा. काही पेन्सिली जाड असतात आणि नेहमीच्या शार्पनरच्या भोकात जात नाहीत.

मन बसलं की मग मालिका निवडताना सुटी विक्री होते का, हा माझ्या मते निर्णायक प्रश्न. सुट्या न मिळणारी पेन्सिल कितीही सुंदर असली तरी तिच्यावर मुख्य काम बेतू नये. ज्या रंगांचे तुकडे तुमच्याकडे सर्वांत लवकर लहान होतात, त्यांच्या दोन-दोन जादा पेन्सिली आणून ठेवा. त्यांचे क्रमांक पट्टीच्या मागं लिहा, आणि पट्टी त्याच पाकिटात ठेवा जिथं जुन्या पेन्सिलीची आहे.